एक जूनची माणसं

वाईच्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या दारामागे एक खिळा आहे. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ सुरू केलं, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत ते आमच्या या खिळ्यावर आलं. खिळा तोच आहे, वर्षं तेवढी बदलतात. वर्ष संपलं की बहुतेक घरांत जुन्या दिनदर्शिकेचा कागद वह्यांना घालतात नाहीतर फडताळात अंथरतात. माझ्या आईनं तसं कधी होऊ दिलं नाही. गुंडाळी करून, सुतळी बांधून ती माळ्यावरच्या ट्रंकेत ठेवायची. मध्यंतरी घराला रंग काढायचा ठरला, तेव्हा ती ट्रंक खाली आली आणि चार दिवस रंगाऱ्यापेक्षा माझाच खोळंबा झाला.

चौकोनात मावेल तेवढंच लिहायचं, हा आईचा शिस्तीचा भाग. दूध नाही आलं की फुली. ‘गॅस लावला.’ ‘पिठाची गिरणी बंद.’ ‘कृष्णाबाई, गंगापुरी.’ म्हणजे त्या दिवशी गंगापुरीच्या घाटावर प्रसाद. आमच्याकडे कृष्णाबाईचा उत्सव सात घाटांवर पाळीपाळीनं होतो, तेव्हा थंडीतल्या पानांवर ही नोंद घाटाघाटानं पुढे सरकत जाते. एका पावसाळ्यात लिहिलंय, ‘धोमचं पाणी सोडलं. ढोल्या गणपतीच्या पायरीला लागलं.’ रास्त्यांनी १७६२ साली बांधलेल्या या देवळाची पायरी हीच आमच्या गावाची पूर मोजायची पट्टी. आणि ‘स्वदेस’चं चित्रीकरण शेजारच्या मेणवलीत चाललं होतं, त्या दिवसांतली एक नोंद आहे : ‘मेणवलीस गेलो. फार गर्दी. घंटा पाहून परत.’ ही घंटा चिमाजी आप्पांच्या वसईच्या मोहिमेनंतर, म्हणजे १७३९ नंतर इकडे आलेली. पोर्तुगीजांच्या चर्चमधली ती घंटा नाना फडणविसांच्या घाटावर टांगलेली आहे. अख्खा गाव शाहरुख खानला बघायला गेला होता आणि आई घंटा पाहून घरी आली!

पण या सगळ्यांत जास्त जागा वाढदिवसांनी व्यापलेली. दिवाळीत नवी दिनदर्शिका आली की आई जुनी शेजारी पसरून बसायची आणि एकेक नाव इकडून तिकडे उतरवायची. तारखेचे वाढदिवस लाल शाईनं, तिथीचे निळ्या. तारखेवाल्यांचं सोपं. तिथीवाल्यांना दरवर्षी हुडकावं लागतं, कारण चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, आपल्या नेहमीच्या वर्षापेक्षा ११ दिवसांनी तोकडं. दरवर्षी तिथी ११ दिवस मागे येते, मग कधीतरी अधिक महिना येऊन तिला पुन्हा पुढे ढकलतो. १९ वर्षांत असे ७ अधिक महिने येतात आणि हिशेब जवळजवळ पुरा होतो. म्हणून बहुतेकांच्या १९व्या, ३८व्या, ५७व्या वाढदिवसाला जन्मतारीख आणि जन्मतिथी एकाच दिवशी, फार तर एका दिवसाच्या फरकानं येते. तुमच्या घरी कुणी ५७चं होत असेल तर ताडून बघा.

इतकी नावं वाचली आणि मग माझ्या लक्षात आलं, की आईचा स्वतःचा वाढदिवस एकाही वर्षीच्या पानावर नाही.

कागदोपत्री तो १ जून. आपल्या महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेल्या माणसांची संख्या काय असेल कोण जाणे, पण त्या दिवशी प्रत्येक घरात एकाला तरी बँकेचा शुभेच्छांचा निरोप येतो. कारण तुम्हाला माहीतच आहे. शाळा जूनमध्ये उघडायची. मूल घेऊन आलेल्या बापाला तारीख ठाऊक नसायची. गुरुजी मुलाकडे बघून वर्ष ठरवायचे आणि पुढे १ जून लिहून मोकळे व्हायचे. जन्म नोंदणीचा सध्याचा कायदा १९६९चा. त्याच्या आधी, आणि नंतरही बरीच वर्षं, वाडीवस्तीवर हेच चाले. सरकारी नोकरीत ज्याची जन्मतारीख महिन्याची एक, तो आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणून ३१ मे ला आपल्याकडे कचेऱ्या आणि शाळांतून हार-नारळांची एवढी झुंबड.

आई प्राथमिक शिक्षिका होती. तीही अशीच ३१ मे २००० रोजी निवृत्त झाली. आणि तिनं स्वतः किती पोरांना १ जून दिला असेल, त्याची गणती नाही.

त्यांतला एक २०२५च्या मे अखेरीला पेढे घेऊन घरी आला. कारकून म्हणून निवृत्त होत होता. पाया पडला, चहा झाला आणि हसत हसत म्हणाला, “बाई, तुमच्यामुळं सात महिने आधीच घरी बसतोय बघा. आमची म्हातारी सांगायची, भूकंप झाला त्याच्या पुढच्या सोमवारचा मी.” कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७चा, पहाटेचा. तो सोमवार होता, म्हणजे पुढचा १८ तारखेचा. खऱ्या तारखेनं तो ३१ डिसेंबरला निवृत्त झाला असता. दाखल्यावर मात्र १ जून १९६७.

तो गेला. त्याच्या बोलण्यात खोच नव्हती, असं मला तरी वाटलं. पण आई त्या रात्री जेवली नाही. सात महिन्यांचा पगार किती होतो, असं तिनं मला दोनदा विचारलं. मी म्हटलं, “अगं, तुला कुठं ठाऊक होतं त्याची तारीख?” तर म्हणाली, “ठाऊक होती. त्याची आई सांगत होती ना मला. भूकंपानंतर लोक अंगणात निजत होते, तसल्यात हा झाला.”

मग सगळं सांगितलं. १९७३चा जून. बहात्तरच्या दुष्काळातून माणसं नुकती सावरत होती. पहिलीला सहा पूर्ण लागत. याला सहाला सहा महिने कमी. पुढच्या वर्षी आण म्हणावं, तर बापानं शेरडं घेऊन ठेवलेली. पोरगा एकदा शेरडांमागं गेला की परत शाळेत दिसायचा नाही, हे आईनं दोन-तीन पोरांच्या बाबतीत पाहिलेलं. तिनं टाक उचलला आणि १ जून १९६७ लिहिलं. “त्याला सांगायचं होतंस मग,” मी म्हटलं. ती म्हणाली, “काय सांगू? मी उपकार केले म्हणून?”

खरं सांगायचं तर मला तिचं तेव्हाही पटलं नाही. नोंदवहीत खोटं लिहिणं ते खोटंच, एवढं तिनंच आम्हाला शिकवलेलं. पण शेरडांमागं गेलेल्या पोरांची नावं तिला आजही पाठ आहेत, आणि त्यांतल्या एकाचंही नाव आमच्या दिनदर्शिकेवर नाही, हेही तितकंच खरं.

तिच्या स्वतःच्या जन्माबद्दल तिला दोनच गोष्टी माहीत : राखीपौर्णिमा, आणि गांधीजींना पकडलं तो महिना. माझ्या मुलीनं मोबाईलवर जुनं पंचांग काढलं. २६ ऑगस्ट १९४२, बुधवार. म्हणजे तिचेही नोकरीचे तीन महिने १ जूननं खाल्लेच होते. मग एकोणीस एकोणीस वर्षांनी पुढे मोजत गेलो. १९६१, १९८०, १९९९, २०१८, चारही वर्षी २६ ऑगस्टलाच पौर्णिमा! ट्रंकेतलं २०१८चं पान काढलं. त्या चौकोनात लिहिलेलं : ‘नारळ ३. दूध १ लि. जादा.’ आम्ही सगळे त्या दिवशी तिच्या हातचा नारळीभात खाऊन, राख्या बांधून आपापल्या घरी गेलो होतो.

त्या भाताचं प्रमाण ऑगस्टच्या पानांवर कडेला सापडतं, आणि दर काही वर्षांनी बदलतं. हल्लीचं असं : एक वाटी आंबेमोहर धुऊन अर्धा तास निथळत ठेवायचा. दोन चमचे तुपात चार-पाच लवंगा आणि तांदूळ परतून पावणेदोन वाट्या गरम पाण्यात मोकळा शिजवायचा आणि परातीत पसरायचा. एक वाटी खवलेलं खोबरं, वाटीभर चिरलेला गूळ आणि वेलची भातात हलक्या हातानं मिसळून, खाली तवा ठेवून मंद आचेवर दोन-तीन वाफा आणायच्या. भात पुरता शिजल्याशिवाय गूळ घालायचा नाही. गूळ पडला की शीत पुढे शिजत नाही, उलट दडदडीत होतं. एका वर्षी समासात लिहिलंय, ‘गूळ पाऊण वाटी पुरे, ह्यांना साखर निघाली.’

मी आईला विचारलं, “सगळ्यांचे वाढदिवस लिहिलेस, तुझा का नाही लिहिलास?”

“राखीपौर्णिमा छापलेलीच असते की,” ती म्हणाली.

आता तिला बारीक दिसत नाही. २०२६चं ‘कालनिर्णय’ आलं तेव्हा ती सांगत होती आणि मी लिहीत होते. त्यात अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे त्याच्या पुढचे तिथीवाले लांबले. राखीपौर्णिमा २८ ऑगस्टला गेली. मी न विचारता तिथं निळ्या शाईनं ‘आई’ लिहिलं. डिसेंबरचं पान आलं तशी तिनं माझ्या हातातून पेन घेतलं, १८ तारीख कुठं आहे ते बोटानं दाखवायला लावलं, आणि चौकोनाबाहेर जाणाऱ्या मोठ्या अक्षरांत त्या पोराचं नाव लिहिलं. पुढे कंसात लिहिलं, ‘फोन करणे.’