आधी शंका, मग स्कॅन



स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचं मिरजेत मनःपूर्वक स्वागत करतो. हे गाव सतार-तंबोऱ्यांचं, गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचं. आणि तितकंच पेशंटचं. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये इथे मिशन हॉस्पिटल उभारलं. आजही पार कर्नाटकातून माणसं उपचारांसाठी मिरजेची वाट धरतात.

हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिन्यांमधले दुर्मिळ जन्मजात दोष, हा आपल्या चर्चेचा विषय. त्यातला एकच घेतो. गर्भात महाधमनीच्या उजवी आणि डावी अशा दोन कमानी असतात. पुढे सहसा उजवी विरून जाते. क्वचित दोन्ही टिकतात आणि श्वासनलिका व अन्ननलिकेभोवती कडं पडतं. श्वास घेताना बाळाची घरघर होते, दूध पिताना ते दमतं. घरचे म्हणतात छाती भरलीय; आपणही कधी कधी बाळदमा समजून औषधं देत राहतो. बॉस्टनमध्ये रॉबर्ट ग्रॉस यांनी १९४५ मध्येच असं कडं शस्त्रक्रियेने सोडवल्याचं नोंदवलं. उपाय जुनाच आहे. उशीर होतो तो ओळखण्यात.

इको बाळाच्या खाटेपाशी करता येतो, पण श्वासनलिकेतली हवा त्याच्या आड येते. सीटी अँजिओग्राफीत कमानी आणि दबलेली श्वासनलिका दोन्ही दिसतात. मात्र किरणोत्सर्गाचं भान ठेवावं लागतं. एमआरआयमध्ये तो नाही, पण वेळ जास्त लागतो आणि तान्ह्या बाळाला बहुधा गुंगी द्यावी लागते. शिवाय एखाद्या कमानीचा तुकडा बुजून गेला असेल, तर त्यात ना रक्त, ना कॉन्ट्रास्ट. कडं असतं, पण स्कॅनवर तुटक दिसतं. शेजारच्या शाखांच्या ठेवणीवरून ते ताडावं लागतं. आणि काय शोधायचं हे ज्याला ठाऊक असतं, त्यालाच ते ताडता येतं.

म्हणून तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या मित्रांना माझी विनंती आहे. चिठ्ठीवर नुसतं ‘छातीचा सीटी’ लिहू नका. घरघर कधीपासून आहे, दूध पिताना वाढते का, औषधाला दाद देते का, आणि तुम्हाला कसली शंका आहे, तेही लिहा. रेडिओलॉजिस्ट मित्रांनो, चिठ्ठी कोरी आली तर फोन उचला.

आमच्या पाहुणचारात काही उणं राहिलं तर सांभाळून घ्या. चर्चेत मात्र कुणी कुणाला सांभाळून घेऊ नका.