जोक जोकसारखा घे



मी गोदीतला माणूस, मॅट्रिक. पेटीवर काय छापलंय ते वाचतो नि उचलतो. तरी जाहिरातीवर बोल म्हणालात, तर बोलतो.

५ जून २०२३, पर्यावरण दिन. झोमॅटो या घरपोच जेवण पोचवणाऱ्या कंपनीनं एक जाहिरात काढली. २००१ च्या ‘लगान’मधला कचरा आठवतो ना? हात वाकडा, जातीनं अस्पृश्य, गाव त्याच्यासोबत खेळायला तयार नाही. तोच नट, तेच नाव. जाहिरातीत तो टेबल होतो, दिवा होतो, हात पुसायचा टॉवेल होतो. कचऱ्यातून वस्तू बनतात, असा विनोद. माणसाचं टेबल केलं नि वर पर्यावरण वाचवलं!

खोटं कशाला बोलू, मीपण हसलो. जेवणाच्या सुट्टीत टोळीतल्या एकानं मोबाईल पुढं केला, सगळे हसले, मी हसलो. मग घास अडकला. माझ्या आज्याचं नाव कचरू. आधीची दोन पोरं गेलेली, म्हणून मरणानं याच्याकडं ढुंकून बघू नये यासाठी पणजीनं ठेवलेलं. तिच्या तोंडी ते नाव लाड होतं. मुकादमाच्या तोंडी शिवी.

मी गप्प झालो तसा दोस्त म्हणाला, ‘लेका, जोक जोकसारखा घे.’

हे दुसरीकडंही ऐकवतात. जानेवारी २०१८ मध्ये एच अँड एम या स्वीडनच्या कपडेवाल्या कंपनीनं एका काळ्या पोराला टोपीचा सदरा घालून जाहिरातीत उभं केलं. सदऱ्यावर छापलेलं, जंगलातलं सगळ्यात भारी माकड. पोराच्या आईलाच त्यात वावगं दिसलं नाही. तिला मी नावं ठेवत नाही. घरात आपणही पोराला माकड म्हणतो. पण दक्षिण आफ्रिकेत तो शब्द गोऱ्या मालकाच्या तोंडून पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेला. तिथं माणसं दुकानांत घुसली, कपड्यांचे स्टँड पाडले. कंपनीला दुकानं काही काळ बंद ठेवावी लागली.

बाजारातले पंडित याचे देशवार तक्ते मांडतात. कुठला ग्राहक कशाला हसतो, कशावर चिडतो. देशवार कशाला? आमच्या एका टोळीत या नि बघा.

इथं ओरड झाली तशी झोमॅटोनं जाहिरात काही दिवसांत मागं घेतली. नकळत भावना दुखावल्या असतील, म्हणाली. अनुसूचित जाती आयोगानं नोटीसही काढली.

दोस्ताला मी आज्याचं नाव सांगितलं. तो म्हणाला, ‘मला कुठं ठाऊक होतं?’

खरंच ठाऊक नव्हतं. तीन वर्षं एका डब्यात जेवतोय आम्ही.