पेन्सिलीची खूण



भजनी मंडळात पेटी शिकणाऱ्या बायका आम्हाला एक गाऱ्हाणं नेहमी सांगतात. वाजवून झालं की कुणी म्हणतं, ‘छान झालं हो!’ कुणी म्हणतं, ‘या वयात कशाला हा नाद?’ दोन्ही ऐकून बोटं होती तिथंच राहतात. कंटाळून काही जणी पेटीवर कापड टाकतात ते कायमचंच.

म्हणून आज आपण पॅरिसला जाऊ. फ्रेडरिक शोपाँ हा पोलंडचा संगीतकार, जन्म १८१० चा. तो पॅरिसला येऊन राहिला आणि पियानो शिकवून पोट भरू लागला. त्याच्याकडे शिकणाऱ्यांत बायकाच जास्त. पियानोला पेटीसारख्याच काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतात, पण भाता नसतो. त्यामुळे दोन्ही हात वाजवायला मोकळे, आणि दोघांना कामं वेगळी.

शोपाँची एक रचना आहे, ‘नॉक्टर्न’, म्हणजे रात्रीचं संगीत. १८३२ साली छापली गेली. ऐकायला गोड आणि संथ, वाजवायला मात्र अवघड. उजवा हात गाणं म्हणतो. डावा हात खाली एक सूर धरतो, मग उडी मारून वर दोनदा काही सूर एकदम वाजवतो, की पुन्हा खाली. तीन-तीनचा हा ठेका जवळजवळ शेवटपर्यंत. उजव्या हातानं गाण्यासारखं थोडं रेंगाळावं, थोडं पुढं जावं; डाव्यानं लय सोडू नये, असं शोपाँ सांगे. आपल्याकडे बुवा आळवतात आणि टाळ हलत नाही, तसंच हे.

गोम अशी, की उजवा रेंगाळला की डावाही नकळत त्याच्यामागं जातो, आणि वाजवणारीला ते ऐकूच येत नाही. तिचं सगळं लक्ष बोटांत. तिथं दुसऱ्याचा कान लागतो.

शोपाँ काय करी? शिष्येच्या छापील वहीतच पेन्सिलीनं खूण करी. या सुराला हे बोट, इथं थांब, इथं छापण्यात चूक आहे. जेन स्टर्लिंग ही स्कॉटलंडची आणि कामिय द्युब्वा ही पॅरिसची, या दोघींच्या खुणा केलेल्या वह्या आजही जपून ठेवल्या आहेत. या नॉक्टर्नमधल्या सुरांच्या नक्षीतही त्यानं वेगवेगळ्या शिष्यांना वेगवेगळे बदल लिहून दिले. सगळ्यांना एकच मात्रा नाही.

सुरुवातही तो निराळी करून घेई. नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांची सरगम सोपी, असं आपल्याला वाटतं. तो ती सर्वांत शेवटी शिकवी. लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर आणि आखूड बोटं पांढऱ्यांवर आली की हात सहज बसतो, असं त्याचं म्हणणं. दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त बसू नका, हेही तो सांगे. घरकाम आटोपून अर्धा तास बसणाऱ्या आपल्याला हे ऐकून हसूच येईल!

माणूस तापटही होता. त्याच्याकडून रडत बाहेर पडलेल्या शिष्यांबद्दल त्याच्याच एका शिष्यानं सांगून ठेवलंय. आम्हाला त्याची पेन्सिल घ्यावीशी वाटते, तापटपणा नाही.

आता आपलं. चांगला गुरू गावात असेलच असं नाही. पण लय सुटली हे सांगायला संगीत शिकलेलीच बाई लागते असं कुठं आहे? वाजवायला बसताना शेजारणीच्या हातात टाळ द्या. तुम्ही कितीही रेंगाळलात तरी तिनं आपला ठेका सोडायचा नाही. जिथं तुमची नि टाळाची फारकत होईल, तिथं तिनं म्हणावं, ‘इथं’. त्या शब्दाखाली वहीत पेन्सिलीनं रेघ ओढा.

‘कसं झालं?’ असं विचारलंत तर ‘छान’च ऐकायला मिळेल. ‘दुसऱ्या कडव्याला मी घाई करते का?’ असं विचारा. घरात मोबाईल असेल तर वाजवलेलं त्यात भरून ठेवा, पण लगेच ऐकू नका. दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापताना ऐका, बोटं दुसऱ्या कामात असताना. मग रेघ ओढलेल्या दोन ओळीच घ्या, निम्म्या लयीत. अख्खं भजन पहिल्यापासून वाजवायची त्या दिवशी गरज नाही.