मताचे वजन

श्रोतेहो, मत देण्याच्या दोन रीती आपल्याला चांगल्या ठाऊक आहेत. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत शंभर एकरांचा धनी आणि वीतभरही जमीन नसलेला मजूर, दोघांचे मत एकच. सहकारी सोसायटीतही तेच. कोणाचे शेअर पाच असोत की पाचशे, सभेत हात एकच वर होतो. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यानेही 'एक सभासद, एक मत' हेच तत्त्व मानले आहे. दुसरी रीत भागभांडवलाच्या कंपनीची. तेथे ज्याचे भाग जास्त त्याची मते जास्त. आज ज्या व्यवस्थेची ओळख करून घ्यायची आहे, तिच्यात लोक लेख लिहितात, वाचणारे त्या लेखांना मते देतात आणि मतांच्या हिशेबाने लेखकाला मोबदला मिळतो. मात्र मताचे वजन ठरते ते या दुसऱ्या रीतीने. तिचे नाव स्टीम.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना हा विषय अगदीच परका नसेल. वर्गातला एखादा मुलगा विचारतोच, "गुरुजी, इंटरनेटवर लिहिलं की पैसे मिळतात म्हणे. खरं का?" त्याला नुसते 'हो' किंवा 'नाही' म्हणून भागत नाही. पैसा येतो कोठून, वाटतो कोण आणि ठरवतो कोण, हे तीन प्रश्न त्याच्यापुढे मांडावे लागतात. आपणही ते एकेक करून पाहू.

स्टीमची सुरुवात मार्च २०१६ मध्ये अमेरिकेतल्या नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर या दोघांनी केली. त्यांच्या संकेतस्थळाचे नाव स्टीमिट. त्यांचे म्हणणे साधे होते. इंटरनेटवरच्या मोठमोठ्या संकेतस्थळांवर लिहितात लोक, वाचतात लोक, पण जाहिरातीचे उत्पन्न जाते मालकाच्या तिजोरीत. तेव्हा लिहिणाऱ्याला आणि चांगले लिखाण शोधून काढणाऱ्या वाचकाला त्यातला वाटा का मिळू नये? ४ जुलै २०१६ रोजी या मोबदल्याची पहिली वाटणी झाली.

आता या व्यवस्थेची वही कशी असते ते पाहा. किराणा दुकानदार रोजकीर्द लिहितो, तशीच ही वही. फक्त ती एका पेढीवर नसते. तिच्या प्रती निरनिराळ्या देशांतल्या अनेक यंत्रांवर असतात. दर तीन सेकंदांनी तिला एक पान जोडले जाते आणि प्रत्येक पानावर मागच्या पानाची खूण उमटलेली असते. मागचे एखादे पान कोणी गुपचूप बदलले, तर पुढच्या सर्व पानांच्या खुणा जुळेनाशा होतात आणि लबाडी उघडी पडते. पानांच्या या साखळीलाच ब्लॉकचेन म्हणतात. पाने लिहिण्याचे काम एकवीस जणांकडे असते. त्यांना साक्षीदार म्हणतात. त्यांपैकी वीस जण मतांनी निवडलेले असतात आणि एकविसावी जागा उरलेल्यांकडे आळीपाळीने जाते. प्रत्येक खातेदाराला तीस साक्षीदारांपर्यंत मते देता येतात. हे साक्षीदार लक्षात ठेवा. पुढे त्यांच्याशीच गाठ आहे.

पहिला प्रश्न, पैसा येतो कोठून? जाहिरातदार तो देत नाही आणि मत देणाऱ्याच्या खिशातूनही तो जात नाही. व्यवस्था नवी नाणी पाडते. डिसेंबर २०१६ मध्ये ठरलेल्या नियमाप्रमाणे वर्षाला साडेनऊ टक्के नवी नाणी पडायची आणि हा दर पुढे हळूहळू उतरत जायचा. त्यांतला तीन चतुर्थांश हिस्सा लेखांच्या हंडीत, पंधरा टक्के नाणी अडकवून ठेवणाऱ्यांना आणि दहा टक्के साक्षीदारांना. ऑगस्ट २०१९ पासून हंडीचा हिस्सा पासष्ट टक्के झाला आणि दहा टक्के व्यवस्थेच्या सुधारणेच्या कामांसाठी निराळे ठेवले गेले.

तुम्ही म्हणाल, मग हे तर फुकटचेच झाले! तसे नव्हे. ताकात पाणी घातले की ताक वाढते, पण ते पातळही होते. नवी नाणी पडली की जुन्या नाण्यांचे मोल तेवढे उतरते. म्हणजे हा मोबदला शेवटी सर्व नाणेधारकांकडून थोडाथोडा वसूल होत असतो. शिवाय नाण्याला बाजारात गिऱ्हाईक असेल तरच त्याला किंमत. जानेवारी २०१८ मध्ये एका स्टीमला आठ डॉलरांहून अधिक भाव आला होता. त्याच वर्षाच्या अखेरीस तो अर्ध्या डॉलरच्याही खाली होता. कांद्याच्या भावाची चढउतार पाहिलेल्या शेतकऱ्याला याहून जास्त सांगायला नको.

दुसरा प्रश्न, वाटणी कशी होते? लेख प्रसिद्ध झाल्यापासून सात दिवस मते पडतात. सात दिवसांनी हिशेब होतो. हंडी ठरावीक असल्यामुळे एकाला जास्त मिळाले की दुसऱ्याला कमी मिळते. पाटाच्या पाण्यासारखेच हे आहे. लेखाला जे मिळेल त्यातला पाऊण हिस्सा पूर्वी लेखकाचा असे आणि पाव हिस्सा मत देणाऱ्या वाचकांचा. ऑगस्ट २०१९ पासून निम्मे-निम्मे झाले. चांगला लेख ओळखणे हेही श्रमाचे काम आहे, असा त्यामागचा विचार.

मताचे वजन ठरते अडकवलेल्या नाण्यांवर. मोकळ्या नाण्यांना मत नाही. ती अडकवून ठेवली की त्यांना स्टीम पॉवर म्हणतात. ती परत मोकळी करायची तर एकदम होत नाहीत. हप्त्याहप्त्याने सुटतात. पूर्वी त्याला तेरा आठवडे लागत. यात शहाणपण आहे. ज्याला उद्याच निघून जायचे आहे त्याला गावाच्या भल्याची चिंता कमी. ज्याची आंब्याची कलमे बांधावर उभी आहेत तो दहा वर्षांपुढचे पाहतो.

पण एकाने दिवसभर मतेच देत बसायचे ठरवले तर? त्यालाही बांध घातला आहे. प्रत्येक खातेदाराची मतशक्ती विहिरीसारखी समजा. पूर्ण जोराचे एक मत दिले की विहिरीतल्या शिल्लक पाण्याचा दोन टक्के उपसा होतो. झऱ्याने दिवसाला वीस टक्के पाणी परत भरते. म्हणजे दिवसाला दहा पूर्ण मते दिली तर पातळी टिकते. त्याहून जास्त उपसाल, तर पुढचे प्रत्येक मत हलके होत जाईल. कोरडी विहीर तुडुंब भरायला पाच दिवस लागतात.

आता तिसरा आणि खरा प्रश्न, ठरवतो कोण? शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात करून पाहावा. अकरा मुले घ्या. दहा जणांना एकेक चिंचोका द्या आणि अकराव्याला तीस द्या. दोन गोष्टी वाचून दाखवा. दहाही मुलांनी पहिली गोष्ट निवडली आणि तीस चिंचोकेवाल्याने दुसरी, असे समजा. वाटायचे पेढे चाळीस आहेत. चिंचोके मोजून सरळ वाटणी केली, तर पहिल्या गोष्टीला दहा पेढे आणि दुसरीला तीस. दहा मुलांची आवड एका मुलाच्या आवडीपुढे पाव हिस्सा उरली. २०१६ मध्ये स्टीमचा नियम तर याहून कडक होता. मतांच्या वजनाचा वर्ग करून वाटणी होत असे. दहाचा वर्ग शंभर, तिसाचा वर्ग नऊशे. म्हणजे पहिल्या गोष्टीला चार पेढे आणि दुसरीला छत्तीस! मुले हे गणित विसरणार नाहीत.

"मग प्रत्येक माणसाला एकच मत का नाही दिलं?" असे कोणीही विचारील. त्याचे कारण समजून घेतले पाहिजे. सोसायटीत सचिव सभासदाला तोंडाने ओळखतो. मतदारयादीत नाव, गाव, वय असते. इंटरनेटवर एक माणूस हजार नावांनी हजार खाती उघडू शकतो. खात्यागणिक एक मत ठेवले, तर खोटी खाती उघडणाराच राजा होईल. नाण्यांवर वजन ठेवले की हजार खाती काढूनही उपयोग नाही. तीच नाणी हजार ठिकाणी विखुरतात, एकूण वजन तेवढेच राहते. बनावट मतदाराचा प्रश्न असा सुटला, पण त्याच्या जागी धनिक मतदाराचा प्रश्न उभा राहिला.

व्यवहारात काय झाले तेही ऐका. जून २०१७ मध्ये वर्गाचा नियम काढून सरळ वाटणी आणली. लहान खातेदारांच्या मताला थोडे मोल आले, पण दुसरीच वाट मोकळी झाली. ज्याच्याकडे बरीच नाणी, तो स्वतःच्याच चार ओळींच्या लिखाणाला रोज दहा मते देऊ लागला. कोणी आपली मतशक्ती भाड्याने लावली. पैसे भरा की यंत्र तुमच्या लेखाला मत देई. लेख वाचण्याचा प्रश्नच नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये वाचकांचा हिस्सा निम्म्यावर आणला तो यासाठीच. स्वतःला मत देण्यापेक्षा दुसऱ्याचा चांगला लेख शोधणे परवडावे, हा हेतू. त्याच वेळी एकदम किरकोळ मते मिळालेल्या लिखाणाचा वाटा थोडा कमी केला आणि विरोधी मतांसाठी निराळी शक्ती ठेवली. न शोभणारा मोबदला खाली ओढताना खातेदाराला स्वतःची पदरमोड व्हायला नको.

या सर्वांहून मोठी परीक्षा २०२० मध्ये झाली. फेब्रुवारीत स्टीमिट ही कंपनी ट्रॉन या दुसऱ्या साखळीचे संस्थापक जस्टिन सन यांनी विकत घेतली. कंपनीकडे अगदी आरंभीच्या दिवसांपासून नाण्यांचा प्रचंड साठा होता. तो विकासकार्यासाठी आहे, साक्षीदारांच्या निवडणुकीत वापरायचा नाही, अशी समजूत चालत आली होती. नव्या मालकाने तो वापरला तर सगळे साक्षीदार एका हाताने बदलतील, या भीतीने त्या वेळच्या साक्षीदारांनी तो साठा गोठवला. मार्चच्या प्रारंभी दुसऱ्या बाजूने उत्तर आले. बायनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या नाण्यांच्या बाजारपेढांकडे गिऱ्हाइकांनी ठेवायला दिलेली नाणी मतांसाठी अडकवली गेली आणि निवडून आलेले साक्षीदार काही तासांत बाजूला पडले.

मंडळी, येथे क्षणभर थांबा. तुम्ही सोसायटीत ठेव ठेवली आणि चेअरमनने त्या ठेवीच्या जोरावर तुमच्याच विरुद्ध मतदान केले, तर तुम्ही काय म्हणाल? जगभर हाच ओरडा झाला. पुढे बायनान्स आणि हुओबी यांनी आपली मते मागे घेतली. पण विश्वास उडाला तो उडालाच. २० मार्च २०२० रोजी बऱ्याच लेखकांनी आणि साक्षीदारांनी वहीची नक्कल करून हाइव्ह नावाची निराळी साखळी सुरू केली. जुन्या खातेदारांची नाणी नव्या वहीत उतरली. कंपनीचा तो साठा मात्र उतरवला नाही. आणि मे २०२० मध्ये जुन्या स्टीमवर विरोधी गटातल्या काही खात्यांतली सुमारे २ कोटी ३६ लक्ष नाणी नियम बदलून काढून घेण्यात आली.

यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. वही गुपचूप बदलता येत नाही हे खरे. पण वही लिहिणारे बहुमताने एक झाले, तर ती उघडपणे बदलता येते. शेवटी भरवसा ठेवावा लागतो तो माणसांवरच. हाइव्हच्या मंडळींनी धडा घेतला. ऑक्टोबर २०२० पासून तेथे नाणी अडकवल्यावर साक्षीदारांना मत देण्याचे वजन तीस दिवस उलटल्यावरच येते. रातोरात नाणी आणून निवडणूक मारण्याला त्यामुळे आळा बसला. २०२१ मध्ये आणखी एक सुधारणा झाली. पूर्वी लवकर मत देणाऱ्या वाचकाला जास्त वाटा मिळे, म्हणून लेख निघताच यंत्रे मते टाकत. आता पहिल्या चोवीस तासांतली मते सारखीच धरली जातात. माणसाला निवांत वाचून मत देता येते.

म्हणून गुरुजींनी त्या मुलाला काय सांगावे? लिहून मोबदला मिळतो हे खोटे नाही, पण तो लेखाच्या गुणाइतकाच मत देणाऱ्याच्या ऐपतीवरही ठरतो, हे सांगावे. साखळीवर लिहिलेले पुढे दुरुस्त केले तरी मूळचा मजकूर वहीत राहतो, तेव्हा रागाच्या भरात लिहू नये. भारतात ही नाणी कायदेशीर चलन नाहीत. २०२२ पासून त्यांच्या विक्रीतल्या नफ्यावर तीस टक्के कर बसला आहे. घरचा पैसा घालून मतांचे वजन विकत घेण्याच्या फंदात मुलांनी पडू नये. आणि ज्याच्या हाती आपली नाणी ठेवली, त्याच्या हाती आपले मतही गेले, हे २०२० चा मार्च विसरू देत नाही.

श्रोतेहो, सोसायटीच्या सभेला जायचा कंटाळा आला की आपण म्हणतो, माझ्या एका मताने काय होणार? ज्या व्यवस्थेत मताला वजन विकत घ्यावे लागते तिची ही हकिकत ऐकल्यावर, वजन न मागता मिळालेल्या त्या एका मताची किंमत आपल्याला थोडी अधिक कळावी. पुढच्या सभेला अवश्य जा आणि हात वर करा.