मोटारीची अंतःशुद्धि

घराचा उंबरठा रोज पुसला जातो, देव्हारा सणावारीं उजळला जातो. परंतु ज्या मोटारींत कुटुंबाचे रोज तास-दोन तास जातात, तिच्या अंतरंगाकडे लक्ष जातें तें बहुधा दसऱ्याच्या आदल्या दिवशीं. त्या दिवशीं यजमान कंबर कसतात, कपड्यांचा साबण किंवा धुण्याचा सोडा सढळ हातानें बादलींत टाकतात आणि आसनें मनसोक्त घासून काढतात. संध्याकाळीं आसनें चकचकीत दिसतात. दुसऱ्या दिवशीं मोटारीला झेंडूची माळ चढते. दोन-चार दसरे असे गेले म्हणजे चालकाच्या आसनाची कड विटूं लागते आणि तिच्यावर बारीक भेगा दिसतात. दोष चामड्याला दिला जातो. वस्तुतः पुष्कळ वेळां दोष बादलींतल्या पाण्याचा असतो.

श्रोतेहो, हा दोष समजण्यासाठीं शाळेंतील रसायनशास्त्राची थोडी उजळणी पुरे आहे. आम्ल व अल्कली यांची तीव्रता सांगणारी पी.एच. नांवाची पट्टी डॅनिश रसायनज्ञ सोरेनसेन यांनीं १९०९ सालीं मांडली. ० ते १४ या पट्टीवर ७ हा मध्यबिंदु. त्याखालीं आम्ल, त्यावर अल्कली. शुद्ध पाणी ७ वर, साबणाचें पाणी ९ ते १० च्या घरांत, तर धुण्याच्या सोड्याचें ११ च्या आसपास असतें. उलट कमावलेलें चामडें मूळचेंच आम्लधर्मी, साधारणतः ४ च्या आगेमागे. तीव्र अल्कली त्याच्या प्रकृतीला मानवत नाहीं.

यावर सोपा उपाय म्हणून म्हटलें जातें, ‘कडक असेल तर पाणी वाढवावें.’ येथेंच मोठा गैरसमज आहे. या पट्टीची प्रत्येक पायरी दहापटीची असते. द्रावण दहापट पातळ केलें तरी पी.एच. फार तर एका अंकानें उतरतो. आणि पुष्कळ क्लीनरांत असे क्षार असतात कीं, तो तेवढाही उतरत नाहीं. १२ चा क्लीनर चार-पांच भांडीं पाणी ओतून ७ चा होत नाहीं. पाण्यानें मात्रा कमी होते, स्वभाव बदलत नाहीं. म्हणून निवड आधीं, पाणी नंतर.

निवडीपूर्वीं आसन कशाचें आहे, हें ओळखावें. चामडें म्हणून जें कौतुकानें दाखविलें जातें, तें पुष्कळदां रेक्झिन, म्हणजे कापडावर चढविलेला प्लॅस्टिकचा थर असतो. खऱ्या चामड्याचीं आसनेंही आज बहुधा क्रोमच्या क्षारांनीं कमावलेलीं आणि वरून रंगाचा पातळ, संरक्षक थर दिलेलीं असतात. झाकल्या जागीं पाण्याचा एक थेंब ठेवून पाहावा. तो तसाच राहिला तर थर शाबूत आहे. मुरून काळसर डाग पडला तर चामडें उघडें आहे, आणि तेथें ओलें फडकेंही जपून लावावें.

कोल्हापुरी वहाण हिरडा व बाभळीची साल यांनीं कमावलेली आणि उघडी असते. तिला तेल दिलें तर तें आंत मुरतें व ती मऊ राहते. हा घरोघरचा अनुभव मोटारीच्या थर दिलेल्या आसनाला लागू पडत नाहीं. तेथें खोबरेल वरच राहतें, धूळ धरतें आणि स्वच्छ कपड्यांवर डाग पाडतें.

चामड्यासाठीं सौम्य आम्लधर्मी किंवा ७ च्या जवळपासचा, चामड्याचाच म्हणून मिळणारा क्लीनर घ्यावा. तयार मिळत असल्यास त्यांत पाणी घालूं नये. रेक्झिन व प्लॅस्टिक यांना सर्वकामी सौम्य क्लीनर १:१० या प्रमाणांत बहुधा पुरतो. पायांखालच्या रबरी चटयांना १:४ चालेल. बाटलीवर दुसरें प्रमाण छापलें असेल तर तेंच प्रमाण मानावें. २०२० च्या साथींत स्टिअरिंगच्या चाकाला सॅनिटायझर चोळण्याची संवय पुष्कळांना लागली. त्यांतील अल्कोहोल रंगाचा थर सैल करतें.

आतां थोडें गणित. १:४ म्हणजे एक भाग क्लीनर आणि चार भाग पाणी. एकूण भाग पांच. ५०० मिलिलिटरच्या बाटलींत १०० क्लीनर व ४०० पाणी. येथें चौथा हिस्सा समजून १२५ क्लीनर ओतणारे थोडे नाहींत. १:१० ला भाग अकरा. त्याच बाटलींत क्लीनर सुमारें ४५. पाणी आधीं भरावें, म्हणजे फेंस होत नाहीं. बोअरचें जड पाणी पांढरे डाग ठेवतें, म्हणून मृदु पाणी बरें. जास्त क्लीनर म्हणजे जास्त स्वच्छता नव्हे. उरलेला साबण चिकट होतो आणि तोच पुढची धूळ ओढतो.

द्रावण फडक्यावर घ्यावें, आसनावर वा बटणांवर फवारूं नये. छताचें अस्तर गोंदानें चिकटविलेलें असतें. तें भिजलें तर लोंबूं लागतें. शेवटीं साध्या ओल्या फडक्यानें पुसून दारें उघडीं ठेवावीं. पावसाळ्यांत ओल राहिली तर बुरशी धरते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अखेरीस. ब्लीचिंगचें पाणी आम्लांत किंवा अमोनियांत कधींही मिसळूं नये. त्यांतून विषारी वायु निघतो, आणि मोटार ही बंद खोली आहे. उरलेलें द्रावण सरबताच्या रिकाम्या बाटलींत तर मुळींच ठेवूं नये. रंगीत पाणी आणि ओळखीची बाटली पाहून मूल ती तोंडाला लावतें. वेगळी बाटली, तिच्यावर नांव, प्रमाण व तारीख, आणि जागा मुलांच्या हातापलीकडची, हा नियम घरांत कोणालाही अपवाद नसावा.

आसन विटलें तर तें पुन्हां मढवितां येतें. त्या बाटलीची चूक मात्र भरून निघत नाहीं. येत्या दसऱ्याला फडकें हातीं घेण्यापूर्वीं एवढा हिशेब ज्या घरीं होईल, तेथील मोटारही टिकेल आणि मुलेंही सुखरूप राहतील.