कुशीत खोट नव्हती
(कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरातील भाषण)



मी डॉक्टर नाही. १९९७ साली माझा तिसरा गर्भ पडला. सासूबाई म्हणाल्या, "हिच्या कुशीतच खोट आहे." त्याच आठवड्यात दवाखान्यात माझ्या नवऱ्याला बाजूला बोलावून घेतलं. माझी व्हीडीआरएल तपासणी पॉझिटिव्ह आली होती. म्हणजे गुप्तरोग. मग घरी काय बोलणं झालं ते सांगत नाही, तुम्हाला ते माहीतच आहे. समजा असता मला तो रोग, तरी तो आला कुठून, असं नवऱ्याला कुणी विचारलं असतं का?

पण तो नव्हताच. या तपासणीत कार्डिओलिपिन नावाचा स्निग्ध पदार्थ वापरतात. माझ्या रक्तात त्याच्याच विरोधातली प्रतिद्रव्यं होती, म्हणून तपासणी फसली. टीपीएचए ही दुसरी तपासणी केली की खरंखोटं कळतं. ती कुणी केलीच नव्हती. पॉझिटिव्ह कागदाकडे दुर्लक्ष करू नका. गरोदर बाईला खरोखर रोग असेल तर लगेच उपचार हवेत. पण दुसरी तपासणी मागा.

माझ्या आजाराचं नाव अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. लंडनच्या डॉ. ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ साली त्याचं वर्णन केलं. शरीराची राखण करणारी यंत्रणाच आपल्यावर उलटते आणि रक्त नको तिथे गोठतं. पायाच्या शिरेत, फुप्फुसात, मेंदूत. वारेचं कामही बिघडतं आणि गर्भ जगत नाही. पुष्कळदा जोडीला ल्युपस असतो. त्याच्या दर १० रुग्णांत सुमारे ९ बाया. सांधे दुखतात, गालावर पुरळ येतं, थकवा जात नाही, आणि घरात नाव पडतं आळशी. माझे सांधे तीन वर्षं दुखत होते. त्याचा आणि गर्भ पडण्याचा संबंध कुणी जोडला नाही. मीही नाही.

तेव्हा वस्तीत विचारताना दोन्ही विचारा. सुरुवातीच्या १० आठवड्यांत तीनदा गर्भ पडलेला, किंवा त्यानंतर नीट वाढणारं मूल पोटातच गेलेलं, किंवा तरुण वयात अर्धांगवायू, पायाच्या शिरेत गुठळी, असं असेल तर या प्रतिद्रव्यांची तपासणी करायला सांगा. ती निदान १२ आठवड्यांनी पुन्हा करावी लागते, कारण एखाद्या संसर्गानंतरही प्रतिद्रव्यं तात्पुरती दिसतात. गरोदरपणात कमी मात्रेची ॲस्पिरिन आणि हेपॅरिनची इंजेक्शनं देतात. रोज पोटाला सुई टोचायची, खर्चही होतो, पण बऱ्याच जणींची बाळंतपणं सुखरूप होतात. माझंही झालं.

आणि आपण वाटतो त्या माला-डीच्या गोळ्या! त्यांत इस्ट्रोजेन असतं. या बाईला त्या देऊ नयेत, गुठळीचा धोका वाढतो. डॉक्टरांना विचारून तांबी बहुधा चालते.

टीपीएचएचा निगेटिव्ह कागद मी सासूबाईंपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "मग ही आधी का नाही केली?"

मी दवाखान्यात जाऊन तेच विचारलं. उत्तर मिळालं नाही.