प्रीअँप घरघरतो तेव्हा

माइक कसा धरायचा, तोंडापासून किती लांब ठेवायचा, हे आपण मागच्या भागात पाहिलं. आज माइकच्या पुढच्या छोट्या डब्याबद्दल बोलू. त्याला म्हणतात प्रीअँप. आवाज पहिल्यांदा वाढवतो तो हा डबा.

माइकमधून येणारी वीज फारच बारीक असते. एका व्होल्टचे हजार भाग केले, तर त्यातले दोन-चार भाग. एवढ्यावर पुढची यंत्रं चालत नाहीत, म्हणून प्रीअँप ती शंभर ते हजार पट वाढवतो. पण त्याला बरं-वाईट कळत नाही. बोलणं वाढवतो, तशी घरघरही वाढवतो. तारेत शिरलेला कणभर बिघाड पुढे मणभर होऊन ऐकू येतो.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या केंद्रात अशीच घरघर सुरू झाली. त्याच आठवड्यात गावातल्या जुन्या सुईण आजींचं बोलणं ध्वनिमुद्रित करायचं ठरलं होतं. आजी चार दिवसांनी लेकीकडे कायमच्या राहायला निघाल्या होत्या. तालुक्याचा दुरुस्तीवाला म्हणाला, "डबा ठेवून जा, पंधरा दिवस लागतील." नवा घ्यायला गटाकडे पैसे नव्हते. मग आम्ही पाचजणी वही-पेन्सिल घेऊन बसलो.

शेताला पाणी येत नसेल तर आपण लगेच मोटर बदलत नाही. आधी पाइप कुठे फुटलाय, व्हॉल्व्ह बंद आहे का, ते बघतो. इथेही तसंच. माइक, केबल, प्रीअँप, त्याचा अडॅप्टर, पुढचा रेकॉर्डर, अशी सगळी वाट कागदावर काढली. आणि नियम एकच ठेवला: एका वेळी एकच वस्तू बदलायची, आणि काय ऐकू आलं ते लगेच लिहायचं. दोन वस्तू एकदम बदलल्या, तर दोष कशात होता ते कळत नाही.

आधी हेडफोन थेट रेकॉर्डरला लावला आणि प्रीअँपची केबल काढली. घरघर थांबली. म्हणजे रेकॉर्डर चांगला. मग प्रीअँप परत जोडून माइक बदलला. घरघर तशीच. केबल बदलली. तशीच. शेवटी माइक, केबल दोन्ही काढून टाकले, आवाजाचं बटण शून्यावर आणलं, तरी घरघर आहेच. याचा अर्थ ती माइककडून येत नव्हती. उरला डबा, नाहीतर त्याला वीज देणारा अडॅप्टर.

आता हे ठरवायचं कसं? आमच्यातल्या एकीने युक्ती काढली. फवारणी पंपाची बॅटरी १२ व्होल्टची असते, आणि आमचा डबाही १२ व्होल्ट डीसीवर चालणारा. भरलेली बॅटरी १२ पेक्षा थोडं जास्त दाखवते, पण डब्याच्या पुस्तिकेत १५ पर्यंत चालेल असं होतं. ते वाचूनच पुढे गेलो. मल्टिमीटरने अधिक-उणे टोक तपासलं, कारण उलटं जोडलं तर डबा जळू शकतो. बॅटरीच्या तारेत छोटा फ्यूज घातला, कारण दोन टोकं एकमेकांना लागली तर तार तापून भाजते. मग डबा बॅटरीवर चालू केला. घरघर गेली. बोललो तर आवाज स्वच्छ. दोष अडॅप्टरमध्ये होता.

भिंतीतली वीज २३० व्होल्टची, सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होणारी. अडॅप्टरमधला कपॅसिटर तिला सपाट करतो. उन्हाळ्याच्या तापाने तो वाळला, की वीज नीट सपाट होत नाही आणि तीच घूंघूं कानाला येते. आम्ही अडॅप्टर उघडला नाही. त्यात २३० व्होल्ट येतात, आणि प्लग काढल्यावरही थोडा वेळ आत वीज शिल्लक राहू शकते. तेवढ्याच व्होल्टचा, तशाच टोकाचा, पहिल्याइतके किंवा जास्त अँपिअर देणारा नवा अडॅप्टर बाजारातून आणला. नव्या प्रीअँपच्या मानाने खर्च अगदी थोडा. आजींचं बोलणं मात्र आम्ही त्याआधीच, बॅटरीवरच ध्वनिमुद्रित केलं. अडलेली बाळंतीण बैलगाडीतून दवाखान्यात नेल्याची गोष्ट त्यांनी सांगितली. ती पुढच्या महिन्यात ऐकवू.

तुमच्याकडे वेगळी खूण दिसेल. बटण फिरवताना खरखर झाली, तर बटणात धूळ आहे; वीज काढून ते वीस-पंचवीस वेळा पुढे-मागे फिरवा. केबल हलवल्यावर आवाज जातो-येतो, तर केबलच्या टोकाची तार सुटली आहे. आवाजच नाही, तर आधी बघा, माइकला ४८ व्होल्टची वीज लागते का आणि ते बटण चालू आहे का. बहुतेक कंडेन्सर माइक त्याशिवाय बोलत नाहीत.

एक जास्तीची केबल, एक चांगला माइक, मल्टिमीटर आणि वही, एवढं केंद्रात कायम ठेवा. ओल्या हाताने कशालाही हात लावू नका. जळका वास आला तर आधी प्लग काढा, तपास नंतर. आणि दुरुस्तीवाल्याकडे जायची वेळ आलीच, तर वही घेऊन जा. "बिघडलंय" एवढंच सांगू नका. काय काय बदलून पाहिलं ते वाचून दाखवा.

पुढच्या भागात केबलचं सुटलेलं टोक झाळायला शिकू. आपापल्या गटातली एक तरी तुटकी केबल घेऊन या. नमस्कार.